कुकरच्या खोक्यावरची सहा बोटांची बाई

कर्जत,
सोमवार, ३ नोव्हेंबर

सफुराआपास,

हारूनचा सलाम. पत्र बघून घाबरू नकोस, इकडे सगळे खुशाल आहेत. फक्त मी नाराज आहे.

तू म्हणशील, घरात तीन-तीन मोबाइल असताना हे पत्राचं खूळ कशाला? गेल्या शुक्रवारी तुझ्या हुदाच्या निकाहाची तारीख ठरवायला आम्ही साजगावला आलो, तेव्हा तुझ्या स्वयंपाकघरात सगळ्यांसमोर मी कसम घेतली की यापुढे तुझ्याशी एक शब्दही बोलणार नाही. तू लगेच तशीच कसम घेतलीस. लहानपणापासून मी काही केलं की तुला तेच करायचं असतं, मोठी असून. आता फोन केला तर कसम मोडते. व्हॉट्सअ‍ॅपवर मी तुला रागात ब्लॉक केलंय आणि ते उघडायचं कसं हे अब्रारला विचारावं लागेल. बापाला एवढंही येत नाही म्हणून तो पोरगा महिनाभर हसेल. मौलानांना विचारलं, ते म्हणाले लिहिणं म्हणजे बोलणं नव्हे. शिवाय म्हणाले की तीन दिवसांच्या वर अबोला धरू नये, पण ते मी जाता जाता ऐकलं. तेव्हा हे पत्र. रूपेश रोज सकाळी पावाचा टेंपो घेऊन तुमच्याकडे खोपोलीला येतोच, तो पोचवील.

नाराज का, तेही लिहून ठेवतो. कर्जत स्टेशनबाहेर माझं कुकर-मिक्सर दुरुस्तीचं दुकान तीस वर्षं आहे. अख्ख्या तालुक्याने कुकरची रिंग ऑनलाइन घ्यावी, मी काही म्हणणार नाही. माझ्या सख्ख्या बहिणीने? तुझ्या ओट्यावर तो पार्सलचा खोका बघितला आणि मी सरबताचा ग्लास तसाच खाली ठेवला. अगं, त्या मालाची खात्री कोण देणार? तुझ्या त्या बावीस लिटरच्या कुकरमध्ये चाळीस कामगारांच्या डब्याची डाळ शिजते. तो कुकर आहे, खेळणं नव्हे.

चौदा डिसेंबरला निकाहात हुदाच्या वतीने, तिचा वकील म्हणून मी उभा राहीन. तिचे अब्बा आज असते तर हे मला करावं लागलं नसतं. मी आत येऊन तिची कबुली विचारीन आणि तू तिच्या शेजारी बसलेली असशील. मी फक्त हुदाकडे बघेन. गैरसमज नसावा.

तुझा (नाराज) भाऊ,
हारून


साजगाव,
५ नोव्हेंबर

हारून,

वालेकुम सलाम. रूपेशने पत्र दिलं आणि "मामी, वाचून दाखवू का?" म्हणून दारातच बसला. त्याला दोन भाकऱ्या देऊन घालवला.

नाराजी पोचली. आता माझी ऐक. तुझ्या दुकानात रिंग घ्यायला आलं की आधी तू चष्मा शोधतोस. मग जुनी रिंग उजेडात धरून "ही कोणी बसवली?" विचारतोस. तूच बसवलेली असते. मग तासभर वाफ म्हणजे काय ते समजावतोस. दुपारी दुकान बंद. शुक्रवारी बंद. क्रिकेटची मॅच असली की उघडं असून बंद. मला पहाटेपासून चाळीस डबे असतात रे. हुदाने मोबाइलवर बोट लावलं, तिसऱ्या दिवशी माल दारात. रिंग, शिट्टी आणि सेफ्टी वॉल्व्ह, तिन्ही एका खोक्यात.

आणि मी काही डोळे मिटून घेतलं नाही. खाली लोकांचे अभिप्राय असतात ते सगळे वाचले. एकाने पाच तारे देऊन लिहिलं होतं, "मी तीस वर्षे कुकरच्या धंद्यात आहे. माल अस्सल. बिनधास्त घ्या." असा जाणता माणूस कशाला खोटं लिहील? त्याच्या एका वाक्यावर मी घेतलं.

खोकाही छान आहे. वर एक बाई कुकरवर हात ठेवून हसतेय. हुदा म्हणाली, "अम्मी, हिच्या हाताला सहा बोटं आहेत." मोजली तर खरंच सहा. मी म्हटलं, असू दे, स्वयंपाकाला जास्तीचं बोट बरंच.

डाळीला थोडा सायकलच्या ट्यूबचा वास येतो, हे कबूल. पण एक फायदा झालाय. कुकर आधी शिट्ट्या मारून डोकं उठवायचा, तो आता एकदम शांत झालाय. एकही शिट्टी नाही. नुसती चारी बाजूंनी वाफ सोडत बसतो. तुझ्या वहिनीला सांग, घरात शांतता हवी असेल तर हाच माल घ्यावा.

सफुरा

ता. क. लहानपणी कोण कोणाचं बघून करायचं ते अख्ख्या दहिवलीला माहीत आहे.


कर्जत,
६ नोव्हेंबर

आपा,

अगं वेडे, कुकर शांत झाला म्हणजे सुधारला नाही! रिंग ढिली आहे, म्हणून वाफ शिट्टीपर्यंत पोचतच नाही. आणि "तुझ्या वहिनीला" काय? माझी बायको तुझी वहिनी आहे, माझी नव्हे. घाईत काहीही लिहितेस आणि घाईत काहीही विकत घेतेस.

आता नीट वाच. कुकरच्या झाकणावर जो सेफ्टी वॉल्व्ह असतो, त्याच्या पोटात मऊ धातू भरलेला असतो. कुकर प्रमाणाबाहेर तापला की तो धातू वितळतो, वाफेला वाट मिळते आणि माणसं वाचतात. नकली वॉल्व्हमध्ये काहीही ठोकून भरतात. ते काही वितळत नाही. मग वाफ स्वतःच वाट काढते आणि ती वाट कुठून जाईल हे कोणाला विचारत नाही.

रूपेशबरोबर माझ्या दुकानातली रिंग, शिट्टी आणि वॉल्व्ह पाठवतोय. कागदात गुंडाळलंय, पाव ठेवतात तिथे नाही, पुढे त्याच्या सीटवर ठेवायला सांगितलंय. अस्सल माल. माझ्या हातून नकली माल विकला गेला तर दुकानाची पाटी मी स्वतः उतरवीन. तो सहा बोटांच्या बाईचा कचरा उकिरड्यावर टाक.

हारून


साजगाव,
रविवार, ९ नोव्हेंबर

हारून,

पार्सल मिळालं. वरचा कागद काढला. आतला खोका बघितला. चष्मा पुसला. परत बघितला.

हारून, ती बाई तुझ्या दुकानात काय करतेय?

तीच साडी, तोच कुकर, तेच हसू. हुदाने मोजली, मी मोजली, भिंतीपलीकडच्या सुरभीला बोलावून तिच्याकडून मोजून घेतली. सहा. दोन्ही खोके शेजारी ठेवले तर बाया जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. सुरभी म्हणाली, "काकू, दोन्ही एकाच घरच्या हायत."

मी हसून हसून खाली बसले. मग जरा विचार केला. तुझ्यासारखा माणूस, जो एका स्क्रूसाठी गिऱ्हाइकाला कल्याणपर्यंत पाठवतो, तो मला वाईट माल देणार नाही. कदाचित खोके छापणारा एकच असेल. कदाचित कंपनीत खरोखरच अशी बाई असेल, आपण कोणाच्या हातावर कशाला बोलायचं? बाई तीच असली तरी देणारा भाऊ वेगळा आहे. मला भांडायचं तेवढं भांडेन, पण तुझ्या हातच्या वस्तूवर शंका घेणार नाही. हुदाचे अब्बा गेले तेव्हा मला रोज कर्जतहून बघायला येणारा तूच होतास, ते मी विसरलेली नाही.

तेव्हा तुझंच बसवतेय. सोमवारी-मंगळवारी भाजी-भाकरीचे डबे आहेत, कुकर लागणार नाही. बुधवारी मोठी डाळ आहे, बुधवारी लावीन.

सफुरा


कर्जत,
मंगळवार, ११ नोव्हेंबर

सफुराआपा,

कुकर लावू नकोस. हे वाक्य आधी वाच, मग दुसऱ्यांदा वाच, मग बाकीचं वाच. कुकर लावू नकोस.

काल तुझं पत्र मिळालं आणि मी दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसलो. मागच्या फळीवरचे सगळे खोके उतरवले. प्रत्येकावर ती बाई. मी तीस वर्षं रिंगेची जाडी बघत आलो, खोक्यावरच्या बाईची बोटं कोण मोजतं? एक वॉल्व्ह तव्यावर ठेवून खाली मोठा गॅस लावला. शेजारी माझ्या जुन्या साठ्यातला एक ठेवला. जुना पाच मिनिटांत वितळला. नवा तापून लाल झाला, पण आपलं पोट काही त्याने सोडलं नाही. तवा मात्र गेला. तुझी खरीखुरी वहिनी अजून मला बोलतेय.

आता खरं सांगतो. कल्याणचा माझा घाऊक व्यापारी गेल्या वर्षी म्हणाला, एवढा थोडा माल आम्ही पाठवत नाही. गिऱ्हाईक परत जायला लागलं. तेव्हा मीसुद्धा मोबाइलवर बोट लावलं. हो, मीच. जिथून तू घेतलंस तिथूनच. ज्या गोष्टीवरून मी तुझ्याशी भांडलो आणि कसम घेतली, ती गोष्ट मी तुझ्याआधी वर्षभर करत होतो. तू पकडशील या भीतीनेच मी एवढा मोठ्याने ओरडलो, असं आता वाटतं.

अजून एक आहे. तीस वर्षं कुकरच्या धंद्यात असलेला तो जाणता माणूस, पाच तारेवाला, तो मी आहे. पाच तारे दिले तर दोन रिंगा फुकट मिळणार होत्या. माल उघडायच्या आधीच मी ते लिहिलं.

म्हणजे तू माझ्या शब्दावर नकली माल घेतलास. मी तुला ओरडलो. मग तोच माल मी तुला अस्सल म्हणून पाठवला आणि तू परत माझ्याच शब्दावर तो बसवायला निघालीस. आपा, मला फार लाज वाटतेय. माफ कर. कुकर लावू नकोस. मी कल्याणला जाऊन अस्सल माल स्वतः घेऊन येतो.

रूपेशला तीन वेळा बजावलंय, आज दुपारच्या आत पत्र तुझ्या हातात पडलं पाहिजे.

हारून


साजगाव,
बुधवार, १२ नोव्हेंबर

हारून,

तू आत्ताच गेलास. मी लगेच लिहायला बसलेय, कारण तुझ्यासमोर बोलता आलं नाही आणि पोटात ठेवलं तर झोप येणार नाही.

माझ्या बाजूने काय झालं ते आधी वाच, म्हणजे तुला कळेल तू कसा दिसत होतास. सकाळी अकराची वेळ. डाळ चढवलेली. तुझी रिंग अशी घट्ट बसली की वाफेचा एक धागाही बाहेर नाही. मी हुदाला म्हटलं, "बघ, मामूचा माल!" शिट्टीही नव्हती. ती नकली म्हणून अडकून बसली होती हे आता कळतंय, तेव्हा मला ते शुभच वाटलं. एवढ्यात दार धाडकन उघडलं आणि तू आत. एका पायात चप्पल, दुसरा पाय उघडा, टोपी हातात, तोंड उघडं. आणि तू ओरडलास, "आपा, बाजूला हो!"

अब्बांची शपथ, इतक्या मोठ्याने तू लहानपणी विहिरीत पडलास तेव्हाही ओरडला नव्हतास. मी उडी मारून पिठाच्या डब्यामागे. हुदा दाराबाहेर. तू सिलिंडरचा खटका बंद केलास आणि वाकलेला होतास म्हणून वाचलास. झाकण तुझ्या टाळूवरून गेलं ते पत्रा फोडून बाहेर. चाळीस माणसांची डाळ छताला. तुझी अस्सल रिंग पंख्याच्या पात्यात अडकली आणि ऐटीत गोल फिरत राहिली. तुझ्या दाढीतून कढीपत्ता निघाला. कोणाला ओरखडाही आला नाही, अल्लाचे लाख शुक्र.

त्यानंतरचं आठवून मला अजून हसू येतंय. तू खाली बसून दाढी झटकत राहिलास. मी तुला पाणी दिलं. तू ग्लासाकडे बघून मान हलवलीस. मी चहाचं भांडं दाखवलं, तू दोन बोटांनी साखर कमी म्हणून दाखवलंस. छताकडे बघून दोघांनी डोळे पुसले. तासभर एक अक्षर नाही. सुरभी पत्र्याचं भोक बघायला आली, आपल्याला बघून म्हणाली, "काय गं काकू, दोघांचीबी वाचा गेली काय?" आणि धावत डॉक्टरला बोलवायला निघाली. तिला आवरता आवरता हुदा दमली.

तू वळलास तोच रूपेश आला. कालचं पत्र घेऊन. तोंड एवढंसं. म्हणाला, "मामी, काल पळसदरीला टेंपोची क्लच केबल तुटली. नवीन होती ओ, ऑनलाइन घेतली होती. टेंपो कर्जतच्या गॅरेजात टोचन करून नेला, पत्र आतच राह्यलं. आज सकाळी हारूनमामूंनी टेंपो गॅरेजात बघितला नि पत्र तसंच बघितलं, तर मामू जे स्टेशनाकडे पळत सुटले, एक चप्पल माज्या टेंपोतच राह्यली." चप्पल त्याने आणलीय. माझ्याकडे आहे.

मग तुझं पत्र वाचलं. दोनदा. पाच तारेवाल्या गृहस्थाजवळ आल्यावर मी इतकी हसले की छतावरची डाळ माझ्या डोक्यावर पडली.

आता कामाचं. तू माझ्याशी बोललास. "आपा, बाजूला हो" हे बोलणंच आहे, शब्द मोजून तीन. तुझी कसम मोडली. मी फक्त किंचाळले. किंचाळणं म्हणजे बोलणं नव्हे. माझी कसम शाबूत आहे. मौलानांना विचार.

सफुरा


कर्जत,
रविवार, १६ नोव्हेंबर

आपा,

मौलानांना विचारलं. त्यांनी सगळं ऐकलं, मध्येच रुमाल तोंडावर धरून बाहेर जाऊन आले, आणि म्हणाले की हो, मोडली. कसम मोडल्याचा कफ्फारा म्हणजे दहा गरजूंना पोटभर जेवण. मी म्हटलं, जीव वाचवायला ओरडलो, काही सूट? ते म्हणाले, ओरडलास हे उत्तमच केलंस, जेवणही उत्तम घाल.

चार दिवस दुकान बंद ठेवून माल परत गोळा करतोय. वहीत ज्यांची ज्यांची नावं होती त्या सगळ्यांकडे रूपेशच्या टेंपोतून फिरलो. त्याने नवी केबल गॅरेजवाल्याकडून बसवून घेतलीय. शेलूची अंबाबाई म्हणाली, "तीस वर्सांत पयल्यांदा दुकानदार घरी येऊन म्हनतो माजा माल वाईट हाय! बस, च्या पी." वॉल्व्ह परत देताना तिने मला उलट भोपळा दिला. डोंगरावरच्या वाडीत धाऊकडे गेलो, तर त्याने माझा वॉल्व्ह कुकरला लावलाच नव्हता. मासे धरायच्या जाळ्याला वजन म्हणून बांधला होता. म्हणाला, "लई चांगला हाय, बुडतो झकास." तेवढा एक परत घेतला नाही. सगळ्या गिऱ्हाइकांत शहाणा तोच निघाला.

माझे पाच तारे काढून एक केला. शून्य देता येत नाही, प्रयत्न केला. खाली खरं काय ते लिहिलं आणि नावही घातलं. दुकानाची पाटी उतरवायला शिडी लावली होती, कारण तुला तसं लिहिलं होतं. समोरचा पानवाला कमळ्या खालून शिडी धरून म्हणाला, "मामू, पाटी नको उतरवू, परत खोटं बोलला तर उतरव." मी खाली उतरलो. पण तू म्हणालीस तर परत चढेन.

कल्याणहून नवा कुकर आणलाय, जुना आता भंगारातच दे. रिंग, शिट्टी, वॉल्व्ह सगळं मी स्वतः तपासलंय. खोक्यावर बाई नाही, नुसता कुकरचा फोटो आहे. तरी मी त्याचे कान मोजले. दोनच आहेत.

आपा, कफ्फाऱ्याचं जेवण तुझ्या हातचं असावं असं वाटतं. मी येतो, कांदा चिरतो, वाढतो. तू बोलू नकोस, चालेल. पण निकाहाच्या दिवशी मला हुदाकडेच बघत राहावं लागेल, ते आता जमेलसं वाटत नाही. त्या दिवशी तुझं दार दिसेपर्यंत मी नुसतं एवढंच म्हणत पळत होतो की बोललो असतो, बोललो असतो, फोन केला असता तर काय बिघडलं असतं. एक कसम राखायला निघालो होतो आणि बहीण घालवून बसलो असतो.

हारून


साजगाव,
मंगळवार, १८ नोव्हेंबर

हारून,

पाटी राहू दे. शिडीवर तू चांगला दिसत नाहीस.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की सरळ इकडे ये. कंपनीमागच्या खोल्यांतून राहणाऱ्या मजुरांना सांगून ठेवलंय. डाळ, भात, गोश्त आणि अंबाबाईचा भोपळा. छत हुदाने पुसलंय, पण पत्र्याचं भोक मी बुजवू दिलेलं नाही, तू येईपर्यंत. त्यातून दुपारी बरोबर ओट्यावर ऊन पडतं, डाळ निवडायला उजेड मिळतो.

एक गोष्ट मात्र तुला न विचारता केलीय. माणसं दहा नाही, वीस सांगितलीत. दहा तुझी. मी इथल्या मौलानांना विचारून घेतलं, कसम मोडायच्या आधी जेवण घालून ठेवलं तर चालतं का. ते म्हणाले, चालतं. तेव्हा बाकीची दहा माझी. तू दारात येशील तोपर्यंत ती जेवून हात धूत असतील.

तुझी एक चप्पल दारापाशी ठेवलीय. दुसरी घालून ये.

पहिलं वाक्य काय बोलायचं यावर हुदा आणि मी दोन दिवस डोकं चालवतोय. तिचं म्हणणं, साधं "ये भाऊ" म्हणावं. मला ते पुरेसं वाटत नाही. या घरात एकदा फसगत झालीय, आता माल बघून घेतल्याशिवाय आत घेणार नाही. तेव्हा तू उंबऱ्याबाहेर थांबायचं आणि मी म्हणणार, "हात पुढे कर, बोटं मोजू दे."

पाचच निघाली तर भाऊ माझाच.

सफुराआपा